कढईचे कान

ती स्टुलावर चढली, एक डोळा तळहाताने झाकला, दुसरा दुर्बिणीच्या आयपीसला लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. परळमधल्या एका शाळेचं मैदान, २०२३चा डिसेंबर, संध्याकाळी सातची वेळ. मागे रांग चुळबुळत होती. मग ती म्हणाली, "कढईसारखं आहे. दोन बाजूंना कान आहेत, धरायचे." तिच्या वर्गाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या हसल्या. "कढई काय गं! शनी आहे तो. शनीला काय असतात? शिकलोय ना आपण?" मुलगी डोळा न काढता म्हणाली, "कडी." "मग दिसली का कडी?" "हो बाई, दिसली." ती उतरली. तिच्यामागचा मुलगा चढला, त्याने डोळा लावला न लावला तोच "दिसली सर, कडी!" म्हणून उडी मारली आणि मित्रांकडे पळाला.

बाईंना दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. पुस्तकातली गोष्ट मुलांना आकाशात सापडावी, एवढीच त्यांची हौस. शिवाय साठेक मुलांना साडेआठच्या आत पालकांच्या ताब्यात द्यायचं होतं. पण ती कढई काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण दुर्बिणीत त्या वेळी खरोखर कढईच होती. रांग मोठी असली की मी मुद्दाम कमी शक्तीचा, पंचवीस मिलिमीटरचा आयपीस लावतो. त्यातून शनी पन्नासेक पट मोठा दिसतो, म्हणजे तसा चिमुकलाच. पण चौकटीत तीन-चार मिनिटं टिकतो. जास्त पटीचा आयपीस लावला की पृथ्वी आपलं फिरण्याचं काम दाखवते, मिनिटभरात शनी बाहेर आणि पुढच्या मुलाला नुसता काळोख. त्या हिवाळ्यात शनीची कडी आपल्याकडे जेमतेम दहा अंश कललेली होती. त्यात दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि पत्र्याची छपरं गार होत असल्याने हवा उकळत होती. अशा वेळी गोळ्याच्या पुढून जाणारी कड्याची कडा गोळ्यातच विरघळते. उरतो एक गोळा आणि दोन बाजूंना दोन कान. ते तिने पाहिलं, स्वतःच्या शब्दांत सांगितलं.

आणि आमच्यासाठी मागे घेतलं.

घरी आल्यावर मी गॅलिलिओची चित्रं काढून बसलो. १६१०च्या जुलैमध्ये त्याने शनीकडे दुर्बीण वळवली तेव्हा त्याला कडं दिसलं नव्हतं. त्याला तीन गोळे दिसले, मधला मोठा, बाजूचे दोन लहान. १६१२मध्ये बाजूचे दोघं गायब झाले आणि तो चक्रावला. १६१६मध्ये पुन्हा पाहिलं तर गोळ्याच्या दोन बाजूंना भांड्याला असतात तशा मुठी. त्याने त्या तशाच काढून ठेवल्या आहेत, मधे काळी पोकळी सोडून. परळच्या त्या मुलीला हे चित्र दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, हीच ती. पुढची चाळीसेक वर्षं युरोपातले भले भले लोक शनीची वेगवेगळी चित्रं काढत राहिले. मग डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने १६५९मधल्या आपल्या पुस्तकात सांगितलं की ग्रहाभोवती एक सपाट, पातळ कडं आहे आणि ते ग्रहाला कुठेही चिकटलेलं नाही. म्हणजे दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी एकाला आणि त्याच्यामागच्या दीड पिढीला जे उमगलं नाही, ते आम्ही पाचवीच्या मुलीकडून वीस सेकंदांत वदवून घेतलं.

दुर्बिणीच्या रांगेत "दिसलं" हा एक शिष्टाचार असतो. लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात ना, तसा. मी दादरच्या एका एसी हॉलमध्ये भर दुपारी फॉल्स सीलिंगकडे बोट केलेलं पाहिलं आहे. नवरीने वर पाहिलं, "दिसली" म्हणाली, गुरुजी पुढच्या मंत्राला लागले आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. तिथे दिसणं महत्त्वाचं नसतंच. पण दुर्बिणीपाशी ते तेवढंच महत्त्वाचं असतं आणि नेमकं तिथेच मुलं मोठ्यांचं मन राखतात. काही जण आयपीसऐवजी त्याच्या कडेला डोळा लावतात. काहींना पापण्याच दिसतात. चष्मा काढू की ठेवू या घोळात एखाद्याची पाळी संपते. कुणाचा हात नळीला लागतो आणि शनी भलतीकडे जातो, तरी त्याच्यानंतरचे चार जण एकामागून एक "वॉव" म्हणतात. पाचवा जरा भाबडा निघतो. "सर, काहीच नाहीये." रांगेतून हशा येतो. मला मात्र त्या पाचव्याचा हात धरून आभार मानावेसे वाटतात. त्याच्यामुळे कळतं की गेले चार जण काळोखाला दाद देऊन गेले.

ही दुर्बीण मुंबईत हिंडवणं हा वेगळाच खेळ आहे. चार फुटांची जाड नळी आणि खाली प्लायवुडचा खोका. या घडणीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हा मूळचा रामकृष्ण संप्रदायाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मठातला संन्यासी. मठात असतानाच तो जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे बनवायचा. पुढे मठ सुटला आणि १९६८मध्ये त्याने चार समविचारी माणसं जमवून फुटपाथवर दुर्बिणी मांडायला सुरुवात केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चंद्र दाखवायला. आमच्या फुटपाथवर मात्र आधी जागा मिळायला हवी. लोकलच्या लगेजच्या डब्यात मी पाट्यांच्या मधे ही नळी उभी धरून बसतो तेव्हा दर वेळी तोच प्रश्न येतो. बोअरचा पाइप आहे का? तबला-डग्ग्याचं काही? एकदा एका मासेवाल्या मावशींनी सरळ विचारलं, "यातनं घर बघतोस काय लोकांची?" चंद्र बघतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "चंद्र तर असाच दिसतोय की." त्यावर काही उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

खरं तर मुंबईला चंद्र आणि ग्रह एवढंच उरलंय. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर, म्हणजे पुढच्या टॉवरच्या आठव्या मजल्यामागे. प्रभादेवीच्या एका इमारतीच्या गच्चीवर एक छोटा मुलगा मला मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "आमच्याकडे सात तारे आहेत." सप्तर्षी म्हणत असेल असं आधी वाटलं. तसं नव्हतं. त्याने मोजले होते, त्याच्या आकाशात एकूण सात होते. शाळांच्या सहली मुंबईबाहेर वांगणीला, खगोल मंडळ या हौशी संस्थेच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना जातात तेव्हा मुलं पहिला अर्धा तास गप्पच असतात. मग मृगातला तेजोमेघ दाखवला की कुरकूर सुरू होते, फोटोत तर गुलाबी असतो! इथे फिकट करडा ढग. इतक्या अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, हे समजावून सांगता येतं. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा एवढे तारे पाहिले आहेत त्याला फोटोची आठवण येऊन वाईट वाटावं, याचं मला अजून नीट काही करता आलेलं नाही.

चंद्राचंही तसंच. सोसायट्या आम्हाला हमखास कोजागरीला बोलावतात. मसाला दूध, भेंड्या आणि मधे दुर्बीण. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघायला सगळ्यात कंटाळवाणा, हे दूध आटवणाऱ्या काकूंना सांगायचं कसं? सूर्य समोरून पडलेला असतो, विवरांना सावल्याच नसतात, नुसता पांढरा लखलखाट. खरी मजा अष्टमीच्या आसपास. उजेड-अंधाराच्या सीमेवर पर्वतांची टोकं उजळलेली असतात आणि पायथे अजून काळोखात. शाळेत त्या संध्याकाळी असाच चंद्र होता. चांद्रयान उतरून चार महिने झाले होते, त्यामुळे प्रत्येक मुलाला विक्रम बघायचा होता. माझ्या दुर्बिणीतून चंद्रावरची दीड-दोन किलोमीटरची वस्तू कशीबशी ओळखू येते. विक्रम दोन मीटरचा. हे ऐकून मुलांची तोंडं उतरली. एकीने तरी विचारलंच, "पण कुठे उतरला ते तर दिसेल?" मी खालच्या बाजूला, दक्षिण ध्रुवाकडचा भाग शोधून दिला. अशा आरशाच्या, न्यूटोनियन घडणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तेव्हा तो वर होता. ती म्हणाली, "सगळे खड्डेच आहेत. एवढ्या खड्ड्यांत कसा उतरला?" इस्रोच्या लोकांनी रात्र रात्र जागून जो प्रश्न सोडवला, तो तिने दोन मिनिटांत नेमका विचारला होता. आणि तो तिला सुचला तो खड्डे पाहून, विक्रम न दिसून.

मुलांच्या मागे मोठी माणसं असतातच. आईवडील मोबाइल आयपीसला टेकवून आधी फोटो काढतात, मग फोटोत बघतात आणि बरं आलं म्हणतात. शनी लावला की रांगेत कुजबूज होते. एकदा एका आईने मुलाला मागे ओढलं, शनिवार होता म्हणून. दुसऱ्या एका शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी मात्र सगळी मुलं गेल्यावर आल्या. आधी दुर्बिणीला नमस्कार केला. मग वाकून इतका वेळ पाहत राहिल्या की मला दोनदा नळी सरकवावी लागली. "हाच का तो साडेसातीवाला?" हो म्हटलं. "एवढासा?" आणि खुदकन हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. त्यांच्या मनातून शनीची भीती गेली असं म्हणून मी भाषणात टाळ्या घेऊ शकलो असतो. पण जाताना त्यांनी पुन्हा नमस्कार केला होता.

मला माझी आजी आठवली. १९८०च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण. खग्रास पट्टा खाली कारवार-अंकोल्याकडून गेला, मुंबईला खंडग्रास. दुपार असूनही आमच्या गिरगावातल्या चाळीत रात्र असल्यासारखी दारं बंद, रस्ता ओस. आजीने शिजवलेल्या अन्नावर तुळशीपत्रं ठेवली होती आणि पश्चिमेच्या खिडकीला जुनी चटई बांधली होती. चटई ठिकठिकाणी विरलेली. तिच्या भोकांतून येणारे कवडसे समोरच्या भिंतीवर पडले होते, आणि प्रत्येक कवडशाची कोर झाली होती. पंधरा-वीस चंद्रकोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, हळूहळू बारीक होत जाणाऱ्या. मी ओरडलो, "आजी, भिंतीवर चंद्र!" आजी म्हणाली, "कवडसे आहेत ते, गप पड." आता कळतं की प्रत्येक भोक सूर्याची एक प्रतिमा पाडत होतं, अर्धा झाकलेला सूर्य भिंतीवर उतरला होता. पाहू नकोस म्हणून बांधलेल्या चटईनेच ग्रहण दाखवलं. तेव्हा मात्र मी भिंतीकडे पाठ करून पडून राहिलो आणि पुढे शाळेत कुणी विचारलं तर ग्रहण पाहिलं नाही असंच सांगायचो.

त्या कोरी आणि ती कढई माझ्या डोक्यात एकमेकींशेजारी जाऊन बसल्या आहेत.

त्यानंतर मी आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणाऱ्या आमच्या गटात एक प्रस्ताव मांडला आणि मस्त भांडण झालं. प्रस्ताव साधा होता. मुलाने आयपीसमधून पाहायचं, खाली उतरायचं आणि कुणाशीही न बोलता कागदावर छापलेल्या रिकाम्या वर्तुळात जे दिसलं ते पेन्सिलीने काढायचं. काय दाखवतोय ते आधी सांगायचं नाही. ही कल्पना माझी नाही, जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरची आहे. १६१०च्या एप्रिलमध्ये गॅलिलिओ बोलोन्याला गणितज्ञ माजिनीच्या घरी वीसेक विद्वानांना गुरूचे चंद्र दाखवायला गेला होता. तो कार्यक्रम सपशेल पडला. लोक म्हणाले, दिसत नाहीत. माजिनीचा मदतनीस होर्की याने केप्लरला कळवलं की हे यंत्र जमिनीवर उत्तम चालतं पण आकाशात फसवतं. केप्लरकडे तेव्हा चांगली दुर्बीण नव्हती. ऑगस्टच्या शेवटी ती हाती आली, तेव्हा त्याने दोन-चार जणांना जमवलं आणि नियम केला. प्रत्येकाने गुरूजवळ जे दिसेल ते दुसऱ्याला न दाखवता खडूने पाटीवर काढायचं, मगच ताडून पाहायचं. चित्रं जुळली. चंद्र होते. "दिसलं का?" असं विचारून काही सिद्ध होत नाही, हे त्याला चांगलं कळलं होतं. मला तर हा खडू आणि ती पाटी अख्ख्या खगोलशास्त्रातली आवडती वस्तू वाटते.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, असं केलं तर एका संध्याकाळी शंभर मुलंसुद्धा होणार नाहीत. त्याचं खरं होतं. कार्यक्रमाला पैसे देणारे अहवालात लाभार्थी संख्या मागतात आणि तिथे शंभरपेक्षा चारशे आकडा केव्हाही शोभतो. शिवाय तो म्हणाला, त्या चारशेंतल्या एखाद्याच्या मनात ठिणगी पडेल, तू शंभरांवर अडून बसलास तर तो नेमका बाहेर राहील. याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी म्हटलं, अर्धा वेळ तुझ्या रांगेला, अर्धा माझ्या कागदांना. आता दोन दुर्बिणी मांडतो. त्याच्याकडे गर्दी, माझ्याकडे पेन्सिली. पेन्सिली परत येत नाहीत, ही एक अडचण आहे.

ते कागद मी साठवून ठेवले आहेत. एकाने वर्तुळात फक्त काळ्या रेघा काढल्या आहेत, वरून खाली. त्याच्या पापण्या. पाहिलं ते इमानाने काढलं. एकीने मधे भोक असलेला पांढरा वाटोळा चकतीसारखा प्रकार काढला. तिच्या आधी कुणीतरी फोकसचं चाक फिरवून ठेवलं होतं आणि दुर्बिणीच्या आतल्या छोट्या आरशाची सावली तिने पकडली होती. गुरू आणि एका रेषेत चार ठिपके तर बहुतेकांना जमतात. एका मुलाला तीनच दिसले. मी तपासलं, तीनच होते. चौथा गुरूच्या मागे गेला होता. त्याच्या मागच्या मुलाने चार काढले होते, कारण त्याला ठाऊक होतं की चार असतात.

२०२५ साल या उद्योगाला फारच सोयीचं गेलं. मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून पलीकडे गेली. तेव्हा शनी सूर्याजवळ होता, दिसला नाही. पण नोव्हेंबरात तो संध्याकाळी छान वर आला आणि कड्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता. ही कडी पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटरच. आडवी धरली की संपलीच. १६१२मध्ये गॅलिलिओचे दोन गोळे हरवले ते याच कारणाने. काही शाळांनी कार्यक्रम पुढे ढकलायला सांगितलं, शनी नीट दिसत नसेल तर काय उपयोग म्हणून. माहीमच्या एका शाळेने ढकलला नाही. तिथे पाचवीतल्या एका मुलाने वर्तुळात एक गोळा काढला, त्याच्या आरपार एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "शनी?" प्रश्नचिन्हासकट.

"कडी नाहीयेत सर," तो म्हणाला. "पुस्तकात चुकीचं दिलंय का?"

मी कँटीनमधून स्टीलची ताटली मागवली. ती त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली, मग हळूहळू कलती केली. त्याने ताटली माझ्या हातून घेऊन स्वतः दोनदा करून पाहिलं, वर आभाळाकडे बघितलं, पुन्हा ताटली. मागची मुलं आता ताटलीभोवती जमली होती आणि दुर्बीण मोकळी पडली होती.

"मग परत कधी येणार कडी?"

"पुढच्या वर्षीपासून थोडी थोडी. सगळ्यात जास्त उघडलेली २०३२मध्ये."

त्याने बोटं मोजली. पाचवी, सहावी, सातवी करत शेवटच्या बोटापाशी थांबला आणि चेहरा जरा गंभीर झाला.

"तेव्हा मी बारावीला. क्लास असेल मला." मग विचार करून म्हणाला, "तुम्ही नऊनंतर ठेवा."